बारा फर्म्यांची सहल

१४ फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन कडक, वारा नाही. खळ दोन तासांत वाळली.

एवढी नोंद माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने केलेली आहे. तिच्यावर अस्तराचा कागद चिकटवलेला आहे, त्यामुळे बावीस वर्षांत ती बाहेरच्या कोणाच्या दृष्टीला पडलेली नाही. मला मात्र ती पाठ आहे.

मी एक कादंबरी आहे आणि आज मला बोलायचंय. साधीसुधी नाही, रहस्यकादंबरी. माझ्या नवव्या पानावर एका बंद खोलीत बंगल्याच्या मालकाचा खून होतो आणि तिथून एकशे ब्याण्णवाव्या पानापर्यंत सगळे एकमेकांकडे संशयाने बघत राहतात. भाऊ, डॉक्टर, माळी आणि शिकवणीचे मास्तर असे चार संशयित माझ्यात आहेत. खुनी कोण ते तेवढं विचारू नका. बाकी सगळं सांगते.

माझे जन्म दोन. पहिला छापखान्यात, आणि तो फार घाईत उरकलेला. मुखपृष्ठावर एक किंचाळणारी बाई काढली होती. माझ्या गोष्टीत किंचाळणारी बाई कुठेच नाही. पाठीत दोन तारा ठोकल्या आणि मला वाचनालयाकडे रवाना केलं.

वाचनालयात मी माणसं पाहिली. जेवताना वाचणारी, झोपताना वाचून मला छातीवर पालथी घालणारी. शेवटचं पान आधी बघणारे तर मी लांबून ओळखते. ते आधी इकडेतिकडे पाहतात, मग उगाच खोकतात, आणि मग पटकन मला मागून उघडतात. एकतिसाव्या पानावर कोणीतरी समासात बाण काढून ‘हाच खुनी’ असं लिहून ठेवलं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘गप्प बस, पुढे वाच’ असं आहे. हा दुसरा माणूस कोण ते मला माहीत नाही, पण माझा त्याच्यावर जीव आहे.

चार वर्षांत तारा गंजल्या, किंचाळणारी बाई गळून पडली आणि मी खिळखिळी झाले. तेव्हा मला काकांकडे पाठवलं. काका म्हणजे बाइंडर. वाचनालयातली सगळी फाटकी पुस्तकं त्यांच्याकडेच जायची. तिथे माझा दुसरा जन्म झाला, आणि मी तोच खरा धरते.

पुस्तक आतून कसं असतं ते थोडं सांगायला हवं. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि तो कागद घड्या घालून दुमडतात. त्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. माझे असे बारा फर्मे आहेत. काकांनी गंजक्या तारा उपसल्या, बाराही फर्मे सुटे केले आणि एकेका फर्म्याच्या घडीतून दोरा ओवत त्यांना एकमेकांशी शिवलं. याला जुजबंदी म्हणतात. घाईची माणसं ती करत नाहीत.

काकांचं एक होतं. घडीत भोकं पाडायची तर ती दोन्ही टोकांपासून अगदी सारख्या अंतरावर. त्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टीच कापून ठेवली होती. कोणी विचारलं, “एवढं मोजून कशाला? आत कोण बघतंय?” तर म्हणायचे, “मी बघतोय ना.” आणि पुठ्ठा चढवण्याआधी ते आत तारीख आणि हवा लिहायचे, कारण पुठ्ठा चिकटवायची खळ किती वेळात वाळते ते हवेवर असतं. मला तारीख-वाराची आणि हवामानाची सवय लागली ती तिथूनच.

पुढची वीस वर्षं मी ताठ उभी राहिले. माझ्यानंतर आलेली पुस्तकं वाकली, पोक काढून बसली. मी नाही.

मग दोन वर्षांपूर्वी काकांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग काकूंना, आणि सगळ्यांत शेवटी काकांना. म्हणजे त्यांनी तसं दाखवलं. एक दिवस त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि “आता आराम” असं सांगून टाकलं. वाचनालयात जिन्याखाली फाटक्या पुस्तकांचा ढीग वाढत गेला. ग्रंथपालबाई अधूनमधून म्हणायच्या, “काका, सवडीने बघाल का?” काका म्हणायचे, “बघू.”

९ सप्टेंबरला, सकाळी धुकं आणि दहानंतर ऊन असताना, काका आणि काकू मला न्यायला आले. लेकीने दोघांना परदेशाच्या सहलीला पाठवायचं ठरवलं होतं. सामानाच्या वजनाची मर्यादा होती, म्हणून पुस्तक एकच न्यायचं, आणि ते काकू निवडणार.

आमच्या ग्रंथपालबाईंची एक रीत आहे. सामाजिक कादंबरी परत आली की त्या ती नुसती फळीवर ठेवतात. रहस्यकादंबरी आली की पानं मोजतात. शेवटची पानं फाडून नेणारे महाभाग त्यांनी पाहिलेत.

“परदेशात नेताय, हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “पण आल्यावर पानं मोजून घेणार. तुम्ही घरचे म्हणून सूट नाही.”

“मोजा की,” काकू म्हणाल्या. “एखादं जास्तच भरेल.”

काका जिन्याखालच्या ढिगाकडे पाठ करून उभे होते. ढिगात त्या दिवशी एक्केचाळीस पुस्तकं होती.

काकूंबद्दल थोडं सांगते. त्या घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ हलते, आणि खून झाला की “अगं बाई” असं हळूच म्हणायचं, अशी त्यांची वाचायची पद्धत. प्रवासाला निघताना त्यांनी शिवणाचा डबा सुटकेसमध्ये घातला. काका म्हणाले, “परदेशात काय शिवणार आहेस?” काकू म्हणाल्या, “तुमचं बटण तुटलं तर तिथे कोणाच्या दारात उभे राहाल?”

सहलीत बावीस माणसं होती, सगळी आपली भाषा बोलणारी. बसमध्ये काकूंच्या मागच्या बाकावर एक निवृत्त फौजदार बसले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मान पुढे काढली.

“वहिनी, खून कोणाचा झालाय?”

“मालकाचा.”

“मग माळ्याला धरा.”

“अहो, तुम्ही अजून एक पान वाचलेलं नाही.”

“वाचायला कशाला पाहिजे? तीस वर्षं हेच केलं.”

१२ तारखेला आम्ही एका तळ्याकाठच्या छोट्या हॉटेलात पोचलो. या तळ्यातून बोटीने फिरणं हा म्हणे सगळ्या सहलीचा कळस होता. पण त्याच दुपारी पाऊस लागला. १३ तारखेला पहाटे डोंगरात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. बोट बंद, रस्ता बंद. टीव्हीवरची माणसं कोणत्या भाषेत हसतात तेही कळेना. फोनमध्ये बघून बघून लोकांच्या माना अवघडल्या. आणि सबंध हॉटेलात आपल्या भाषेतलं पुस्तक एकच, मी.

न्याहारीच्या खोलीत माझ्यावरून जुंपली.

“वहिनी, तुमचं झालं की मला द्या,” फौजदार म्हणाले.

“मी आधी सांगितलं होतं,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि मी दोन तासांत संपवीन.”

“दोन तासांत दात निघतो बाई, खुनी नाही निघत.”

“तुमचा तर वाचायच्या आधीच निघालाय. तुम्हाला पुस्तक कशाला हवं?”

आणखी पाच-सहा जण उठून आले. एका नव्या जोडप्याने तर मला दोन्हीकडून धरलं. माझ्या कण्यातून बारीक आवाज आला आणि तो फक्त काकांना ऐकू गेला.

“थांबा,” काका म्हणाले. चार दिवसांत त्यांचा आवाज लोकांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. “ओढू नका. हे एक पुस्तक नाही. बारा आहेत.”

त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि फर्मा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग काकूंना म्हणाले, “तुझी बारीक कात्री दे.”

काकूंनी दिली नाही. त्यांनी मला टेबलावरून उचललं आणि काकांना खिडकीपाशी नेलं. मी काकूंच्या हातात होते म्हणून ऐकलं.

“अहो, उसवायला काय, मीही उसवीन. परत शिवणार कोण? वाचनालयाचं पुस्तक आहे.”

काकांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला होता. “मी.”

काकूंनी त्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांनी कात्री दिली.

उसवताना दुखलं का? नाही. दिवसभर घट्ट बांधलेली वेणी संध्याकाळी सोडावी, तसं वाटलं. काकांनी पुठ्ठा अलगद बाजूला केला, दोरे कापले, आणि मी एकीच्या बारा झाले.

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. कोणत्याही पुस्तकाला एका वेळी एक वाचक मिळतो, आणि तोही बहुधा पेंगत असतो. मी एका वेळी कितीतरी ठिकाणी वाचली जात होते. माझा पहिला फर्मा डॉक्टरीणबाईंच्या उशीखाली, दुसरा जिन्याच्या पायरीवर, तिसरा कपडे वाळवायच्या खोलीत. नव्या जोडप्याला एकेक फर्मा मिळून वाचायचा होता. ती पान लवकर संपवायची आणि तो संपवेपर्यंत त्याच्या दंडाला चिमटे काढत बसायची. बाहेर धो धो पाऊस, आणि आत दारं वाजतायत, “चौथा झाला का हो?”, “पाचवा कोणाकडे अडकलाय?”

काकूंनी न्याहारीच्या खोलीत कागद लावला: ‘एक फर्मा आणून द्या, पुढचा घेऊन जा.’ प्रत्येक फर्म्यासाठी त्यांनी एक ओळ आखली होती, नेला की खूण, आणला की खूण. वाचनाचा क्रमही ठरला. आधी काकू, मग काका, मग फौजदार, मग डॉक्टरीणबाई, आणि मग बाकीचे.

फौजदार साहेबांचा तर थाटच निराळा. रोज सकाळी ते टेबलावर बंगला मांडायचे. मीठदाणी म्हणजे माळी, साखरेचं भांडं म्हणजे मालक, दोन कप म्हणजे भाऊ आणि डॉक्टर, चमचा म्हणजे मास्तर. दहा-बारा माणसं खुर्च्या ओढून भोवती बसायची. “आता बघा,” ते म्हणायचे, “हा इथून आला,” आणि मीठदाणी सरकायची. लोक माना डोलवायचे. त्यांच्या खोलीत मी होते म्हणून मला ठाऊक आहे, सकाळी खाली येण्याआधी ते हे सगळं आरशासमोर एकदा म्हणून बघायचे.

१६ तारखेला दुपारी निरोप आला: रस्ता मोकळा झाला, उद्या एक वाजता बस निघेल. काका उठले आणि म्हणाले, “फर्मे आणा.”

वाचून झालेले पहिले सात लगेच आले. शिवणाच्या डब्यातली पांढरी फीत कण्यासाठी कापून घेतली, दोऱ्याला टेबलावरच्या मेणबत्तीचं मेण चोळलं. काकूंनी सुई ओवून दिली. काकांनी पहिला फर्मा तोंड खाली करून ठेवला. असाच ठेवायचा असतो. त्यावर दुसरा, तोही तोंड खाली, आणि याच पद्धतीने पुढचे सगळे. मग त्यांनी सुई उचलली.

सुई भोकाच्या शेजारी लागली. पुन्हा लागली. तिसऱ्यांदा आत गेली, पण बाहेर येताना बोटात शिरली. एक फर्मा शिवायला पूर्वी काकांना तीन मिनिटं लागायची. वीस मिनिटांनी माझ्यात दोन टाके होते. लोक आधी कौतुकाने बघत होते, मग एकेक जण खिडकीतून पाऊस बघायला लागला. काकांच्या कपाळावरचा घामाचा थेंब माझ्या कण्यावर पडला. मी नुसता कागद होते, तरी सांगते, मला जागच्या जागी मिटून जावंसं वाटलं. माझ्यासाठी हा माणूस एवढ्या लोकांसमोर उघडा पडत होता.

काकांनी सुई खाली ठेवली.

काकूंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. “सुई मला द्या. तुम्ही फर्मा धरा आणि दोरा ओढा.”

“उशीचा अभ्रा नाही हा.”

“ठाऊक आहे. अभ्रे इतके नखरे करत नाहीत.”

काका हसले नाहीत, पण त्यांनी सुई दिली.

जुजबंदीत सुई घालणं कोणालाही शिकता येतं. दोरा किती ओढायचा ते शिकायला आयुष्य लागतं. जास्त ओढला तर कागद चिरतो, कमी ओढला तर पुस्तक पोक काढतं. ते ज्ञान काकांच्या डाव्या हातातही होतं, आणि डावा हात थरथरत नव्हता. काकू सुई घालायच्या, काका दोरा ओढायचे. दुसऱ्या फर्म्याला पंधरा मिनिटं लागली, चौथ्याला दहा. सातव्यापर्यंत दोघं एकमेकांना न सांगता काम करायला लागली होती.

“आठवा,” काका म्हणाले.

आठवा नव्हता.

आता मला विचाराल तर मला माहीत होतं तो कुठे आहे. तो मीच होते. पण पुस्तकाला विचारतो कोण? आणि रहस्य पोटात ठेवायची मला सवयच आहे.

खोल्या शोधल्या, गाद्या उचलल्या. सहलप्रमुख बाईंनी बसमध्येही पाहिलं. काकूंच्या कागदावर आठव्याच्या ओळीत शेवटची खूण फौजदार साहेबांची होती, १५ तारीख, दुपार. साहेब म्हणाले, “मी काल टेबलावर ठेवला. मीठदाणीपाशी.” डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या मागची सगळी रांग सातव्यावर अडकून पडली होती. दिवस तसाच मावळला. काकांनी सात फर्मे टॉवेलात गुंडाळून ठेवले. “सोळा पानं कमी,” ते एवढंच म्हणाले. काकू खुणांच्या कागदाकडे बघत बसल्या होत्या.

१७ सप्टेंबर. पाऊस थांबला. स्वच्छ ऊन, वारा हलका. तळं असं चमकत होतं की डोळे दिपावेत. सगळे न्याहारीला जमले तेव्हा काकू कागद घेऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, सातवा वाचून झाल्यावर तुम्ही आठव्यासाठी माझ्या दारावर दोनदा थाप मारलीत. आठवा वाचून नववा मागायला मात्र आला नाहीत.”

“विसरलो असेन.”

“या हॉटेलात गेल्या चार दिवसांत एक फर्मा संपवून पुढचा न मागणारा माणूस झालेला नाही. म्हणजे एकतर तुम्ही आठवा वाचलाच नाही...”

“वाचला,” फौजदारांच्या तोंडून निघून गेलं.

“...नाहीतर तो तुम्हाला आवडला नाही.”

फौजदार साहेबांनी हळूच रेनकोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि माझा आठवा फर्मा बाहेर काढला. घडी मोडलेली नव्हती, कोपरा दुमडलेला नव्हता.

“मुद्देमाल सुरक्षित आहे,” ते म्हणाले. मग आवाज उतरला. “त्या रात्री माळ्याचा पाय मोडलेला होता. तो इस्पितळात होता. म्हटलं, आज ना उद्या निघायचंच आहे. तोवर माळीच राहू दे. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कोणीतरी माझं ऐकत होतं हो.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई ओरडल्या, “म्हणजे माळी नाही? अहो, मी अजून वाचायची होते.” आणि सगळी खोली हसायला लागली. आधी नवं जोडपं, मग सहलप्रमुख बाई, आणि शेवटी स्वतः फौजदार.

“याला शिक्षा आहे,” काकू म्हणाल्या. “आठवा तुम्हीच वाचायचा. सगळ्यांसमोर, मोठ्याने. वाचून झाला की आम्ही शिवणार. पुढचे चार डॉक्टरीणबाई वाचतील.”

फौजदार उभे राहिले आणि पंचनामा वाचावा तशा आवाजात वाचू लागले. माळ्याच्या प्लास्टरचं वर्णन आलं तेव्हा त्यांनी मीठदाणी उचलून आडवी ठेवली. लोक पोट धरून हसले. आणि काका, जे दोन वर्षांत मोठ्याने हसलेले मी ऐकले नव्हते, ते चष्मा काढून डोळे पुसत होते.

वाचून झालं. फौजदारांनी तीस वर्षं फायली मिटल्या होत्या तसा फर्मा मिटला, पहिलं पान वर करून टेबलावर ठेवला आणि सरकवला. काकांनी डोळे पुसता पुसता तो ओढून घेतला. काकूंनी सुई घातली.

इतक्यात बाहेर भोंगा वाजला.

“बोट आली,” सहलप्रमुख बाई दारातून म्हणाल्या. “चला, चला. दहाला सुटते.”

कोणी उठलं नाही.

“अहो, याच बोटीसाठी आलोय ना आपण? पुन्हा मिळणार नाही.”

“पुढे वाचा,” कोणीतरी डॉक्टरीणबाईंना म्हणालं.

बोटीने दोनदा भोंगा दिला आणि ती रिकामीच निघून गेली. सहलप्रमुख बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. “बरं, मास्तर त्या वेळी कुठे होते?”

बाराव्या फर्म्यावर डॉक्टरीणबाईंनी खुन्याचं नाव वाचलं तेव्हा खोलीत जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला आजवर हजारदा कोणीतरी एकट्याने संपवलं होतं. एवढ्या माणसांनी एकदम “काय?” म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या दहा मिनिटांत शेवटची गाठ बसली. काकांनी सवयीप्रमाणे माझी सगळी पानं अंगठ्याखालून सोडली, आणि त्यांचा हात थांबला. एकशे बारानंतर एकशे अठ्ठावीस आलं होतं, आणि तेही डोक्यावर उभं.

आठवा फर्मा उलटा शिवला गेला होता. भोकं वेडीवाकडी असती तर उलटा फर्मा बसलाच नसता. काकांची भोकं दोन्ही टोकांपासून सारखी, म्हणून तो बिनबोभाट बसला.

“अडतीस वर्षांत माझ्याकडून एक फर्मा उलटा गेला नव्हता,” काका म्हणाले.

“अडतीस वर्षांत शिवताना एकदा तरी हसला होतात का?” काकू म्हणाल्या.

बसचा हॉर्न वाजला. मला फितीने पुठ्ठ्यात बांधून सुटकेसमध्ये ठेवलं.

घरी आल्यावर, २२ तारखेला, काकांनी दोन वर्षांनी दुकानाचं कुलूप काढलं. खळ शिजवली. काकूंनी कात्री पुढे केली. “उसवू? आठपासूनच उसवावं लागेल.”

काकांनी एकशे बारावं पान उघडलं. मला उलटं धरलं आणि तो सबंध फर्मा वाचून काढला. प्लास्टरपाशी आले तेव्हा एकटेच हसले. मग मला सुलटं केलं.

“राहू दे,” म्हणाले.

आणि पुठ्ठ्याच्या आत, जुनं अस्तर सोलून, पहिल्या नोंदीशेजारी, त्यांनी दुसरी नोंद केली. अक्षर थोडं हललंय, पण वाचता येतं: ‘२२ सप्टेंबर. ढगाळ, हवा दमट. खळ उशिरा वाळणार. फर्मे बारा, आठवा उलटा. सुई हिची, ओढ माझी.’ मग त्यावर नवं अस्तर चिकटवलं.

२४ तारखेला मी परत वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी बोट ओलं केलं.

“मोजण्याआधी सांगतो,” काका म्हणाले. “आठवा फर्मा उलटा आहे. माझ्या हातून गेला.”

“मग सुलटा का नाही केलात?”

“तो तसाच राहायचा आहे. पानं मोजा. कमी भरली तर बोला.”

बाईंनी मोजलं. एकशे बाराला थांबल्या, मला उलटं धरलं, आणि त्याच लयीत पुढे मोजत गेल्या. एकशे ब्याण्णव भरली. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘पृ. ११३ ते १२८ उलटी. वाचता येतात.’

वही मिटेपर्यंत काका जिन्याखाली उकिडवे बसले होते.

“यातली सहा नेतो,” ते म्हणाले. “आता दोन माणसं लागतात, वेळ जास्त जाईल.”

“किती?”

“बघू,” काका म्हणाले. आणि मग, बहुधा स्वतःलाच ऐकू जावं म्हणून, “पंधरा दिवस.”

सध्या मी खिडकीजवळच्या फळीवर, वरून तिसऱ्या रांगेत आहे. प्रवास करून आल्यापासून माझ्या पानांना मेणबत्तीचा किंचित वास आहे. तुम्ही मला न्याल तर एवढंच मागणं आहे. एकशे बारानंतर मला उलटं धरा, एकशे अठ्ठावीसनंतर पुन्हा सुलटं. लोक तुमच्याकडे बघतील, बघू दे. शेवटचं पान आधी बघायचंच असेल तर निदान खोकू नका. समासात नावं लिहू नका. आणि एखाद्या सुट्टीत पाऊस लागला, माझ्यावरून भांडण झालं, तर ओढू नका. जवळ कात्री कोणाकडे आहे ते विचारा, आणि त्याआधी शिवणारं कोण आहे ते.

३१ जानेवारी. हवा कोरडी, सकाळी थंडी, नंतर ऊन. जिन्याखालून गेलेली पुस्तकं एक्केचाळीस. शिवून परत आलेली एक्केचाळीस. त्यांत उलटा फर्मा एकही नाही.